नेमकं काय सापडत नाही?

निम्म्या लोकांचे लॅपटॉप उघडे दिसताहेत, म्हणजे निम्म्यांचं काहीतरी अडलंय. तर थेट एररवरच येतो.

लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू केला आणि पडद्यावर आलं: शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल) उघडता येत नाही, लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ३. बरेच जण एवढं बघून अख्खा प्रोग्रॅम काढतात आणि पुन्हा टाकतात. पुन्हा तेच येतं, कारण बिघाड तिथे नाहीच. त्या शेवटच्या तीनकडे बघा. ही फोर्ट्रान भाषेची लायब्ररी जीसीसी कंपायलरबरोबर येते, म्हणजे सोर्स कोडचा प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाबरोबर. जीसीसी ६ पर्यंत तिचा क्रमांक ३ होता, ७ मध्ये ४ झाला, ८ पासून ५. म्हणजे हा प्रोग्रॅम जुन्या जीसीसीवर बांधलेला आहे आणि तुमच्या मशीनवर फक्त ५ आहे.

इथे एक जुगाड सर्रास सांगतात: ५ ला ३ चं नाव देऊन सिमलिंक, म्हणजे त्या नावाचा शॉर्टकट, करा. कृपा करून करू नका. आतली मांडणी जुन्याशी जुळेनाशी झाली, म्हणून तर क्रमांक बदलला. प्रोग्रॅम लगेच कोसळला तर नशीब समजा. नाही कोसळला आणि चुकीचे आकडे लिहीत बसला, तर ते तुमच्या प्रबंधात जातील. सोर्स असेल तर आपल्याच मशीनवर कंपाइल करा. नसेल तर कोंडा या पॅकेज मॅनेजरच्या वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जुनी लायब्ररी बसवा.

एकेक नाव शोधत बसण्यापेक्षा प्रोग्रॅमच्या फाइलवर एलडीडी ही कमांड चालवा. कोणती लायब्ररी कुठे सापडली ते सगळं दिसतं, आणि जी नाही तिच्यापुढे 'नॉट फाउंड' येतं. (कुठून तरी उतरवलेल्या अनोळखी फाइलवर मात्र नको, एलडीडी कधीकधी ती फाइलच चालवतो.) गंमत म्हणजे पुष्कळदा लायब्ररी डिस्कवर असते, फक्त लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधणारा भाग, तिथे बघत नाही. मग एलडी लायब्ररी पाथमध्ये (लोडरने कुठे बघायचं ते सांगणारं सेटिंग) तो फोल्डर द्या, पण त्या एका कामापुरता. टर्मिनल उघडताना दर वेळी वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये कायमचा टाकलात, तर उद्या भलताच प्रोग्रॅम बिघडेल आणि कारण काही सुचायचं नाही.

पायथनचं दुखणं निराळं. तिथे एररमधलं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. 'सीव्ही२' हवं तर 'ओपनसीव्ही-पायथन' बसवायचं, 'पीआयएल'साठी 'पिलो', 'एसकेलर्न'साठी 'सायकिट-लर्न'. बसवूनही तीच एरर आली, तर पिप (पॅकेज बसवणारी कमांड) एका पायथनचा आणि चालवताय दुसराच पायथन. 'पायथन डॅश एम पिप' असं लिहा, प्रश्न मिटतो. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती २ आल्यावर वेगळीच तऱ्हा झाली: पॅकेज जागेवर, नमपायही जागेवर, पण पॅकेज नमपाय १ वर कंपाइल झालेलं. तिथे पॅकेजची नवी आवृत्ती घ्या, नाहीतर नमपाय दोनच्या खाली ठेवा.

आयसर पुण्याच्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, मिळत नाही; आधीच बसवलेलं सॉफ्टवेअर मॉड्यूल म्हणून लोड करायचं असतं. आणि ती ओळ जॉब स्क्रिप्टमध्येच (काम रांगेत लावताना देतो ती फाइल) लिहा. लॉगिन नोडवर, म्हणजे आपण आत शिरतो त्या मशीनवर, काय लोड केलं होतं, त्याच्या भरवशावर जॉब सोडू नका.

चला, ज्यांचं अडलंय त्यांनी आता एलडीडी चालवा. 'नॉट फाउंड' दिसलं की हात वर करा, मी तिकडे येतो.