नळी पोटात, ताट पंगतीत

(दृश्य : साबुदाण्यात बुडालेली छोटी बोटं)

शिजवून गार केलेला साबुदाणा, बिटाच्या रसाने गुलाबी झालेला. ती त्यात एक बोट घालते, झटकन काढते, फ्रॉकला पुसते. पुन्हा घालते. सव्वादोन वर्षांची आहे. तोंडाने अजून एक घासही खाल्लेला नाही.

जन्म गरोदरपणाच्या ३०व्या आठवड्यातला. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसू लागतो तो साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास. म्हणून आधी नाकातून नळी, पुढे थेट पोटावर. नळीने तिला जगवलं, वाढवलं. पण तोंडाला ठाऊक झाली ती चिकटपट्टी आणि सक्शन, म्हणजे तोंडातला स्राव ओढून काढणारी नळी. चमचा दिसला की ती मान फिरवते, ते यामुळे. हा हट्ट नव्हे.

(दृश्य : थेरपिस्टचा हात, मुलीचा तळवा)

म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टताई, म्हणजे खाण्यासारखी रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या ताई, तोंडापासून सुरुवात करत नाहीत. आधी तळवा, मग दंड, खांदा, गाल. ओठ सगळ्यांत शेवटी. नुसत्या गालापर्यंत पोचायला आठवडे लागू शकतात. आणि हा पायांखालचा पाट पाहा. पाय लोंबकळले की धड डळमळतं, मान डळमळते, मग गिळणार कसं?

(दृश्य : केईएमची इमारत)

ऑक्युपेशनल थेरपी आपल्याकडे कालपरवाची नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईत, याच केईएम रुग्णालयात, तिची शाळा सुरू केली. १९५२मध्ये थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटनाही त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तरीही नळी कशी धुवायची हे आईला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं, आणि या थेरपीचं नाव मात्र कितीतरी आयांच्या कानावर फार उशिरा पडतं. नळी लागते त्याच दिवसापासून ही थेरपीही सुरू व्हायला हवी.

(दृश्य : दुपारची पंगत)

ताटं मांडली आहेत. तिचंही आहे. आई सिरिंज उंच धरते, गाळलेली पेज हळूहळू नळीतून उतरते. ताईंनी बजावलंय, तिला खाटेवर एकटीला भरवू नका, सगळ्यांत बसवा. पोट भरत असताना वरणातुपाचा वास येऊ दे, हातात चमचा असू दे.

काहींची नळी निघते, काहींची राहते. घास कधी द्यायचा ते गिळण्याची तपासणी करून डॉक्टरांसोबतच ठरतं.

बोट वरणात जातं. या वेळी ती ते फ्रॉकला पुसत नाही.

(इथून निवेदन नाही. पंगतीतले आवाज तसेच ठेवावेत.)