दोन दशांश व्होल्ट

(सांगलीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि संगणक दुरुस्तीचे व्यावसायिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येताना दारातच एका मुलानं मला गाठलं. म्हणाला, "सर, व्याख्यान नंतर. आधी एवढंच सांगा, प्रोसेसर १.४ व्होल्टला चालवू का नको?" मी म्हटलं, बस पुढच्या रांगेत, शेवटी सांगतो. तो बसलाय समोर. म्हणजे निदान एक श्रोता शेवटपर्यंत उठणार नाही.

प्रोसेसरकडे वळण्याआधी मला आमच्या जुन्या दुकानात जावं लागेल. माधवनगर रस्त्याला आमच्या अण्णांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. मार्च-एप्रिल उजाडला की तासगाव, कवठेमहांकाळकडून जळक्या मोटरी यायच्या. स्टेटर, म्हणजे मोटरीचा कॉइलवाला स्थिर भाग, उघडला की करपलेल्या वार्निशचा वास सुटायचा, तो अजून नाकात आहे. अण्णा कॉइलमधली एक तार ओढून नखानं खरवडायचे आणि माझ्यापुढे धरायचे. आत तांबं लख्ख. "तांब्याला काय झालंय का? कातडं गेलंय कातडं." मोटर जळते तेव्हा तांबं शाबूतच असतं, त्यावरचं इनॅमल करपतं, शेजारचे दोन वेढे एकमेकांना भिडतात आणि खेळ संपतो. मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे: तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्म्यावर येतं.

आता गंमत बघा. आपल्या शिवारात मोटर जळते ती बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडून. रात्री थ्री फेज आली की सगळे एकदम बटण दाबतात, व्होल्टेज बसतं, मोटर तेवढंच पाणी ओढायला जास्त अँपिअर खाते आणि तापते. प्रोसेसरच्या चिपच्या बाबतीत उलटं. तिथं आपणच हौसेनं व्होल्टेज चढवतो. पण शेवटी दोघांचंही दुखणं एकाच जागी येतं, कातड्याशी.

आधी हे बघू, की वेग वाढवायला व्होल्टेज लागतंच कशाला? प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालतो म्हणजे त्याच्या आतल्या घड्याळाचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सहा सेंटिमीटरच जातो, माझ्या या तर्जनीएवढा. तेवढ्यात कितीतरी ट्रान्झिस्टरांनी, म्हणजे चिपवरच्या चिमुकल्या बटणांनी, एकामागून एक चालू-बंद होऊन उत्तर पुढच्या टप्प्यावर ठेवायचं असतं. उत्तर वेळेत आलं नाही तर शून्याच्या जागी एक पकडला जातो आणि संगणक कोलमडल्याची निळी स्क्रीन आपल्याला दिसते. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर जोरात ओढतो, उत्तर वेळेत पोचतं. म्हणून ओव्हरक्लॉक करणारा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा घड्याळ जास्त पळवणारा माणूस आज ना उद्या व्होल्टेजला हात घालतोच.

पण वेग वाढवणं आणि व्होल्टेज वाढवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मनात पक्कं ठेवा. १९९८ सालचा इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर आठवत असेल जुन्या मंडळींना. बस, म्हणजे प्रोसेसरला ठोका पुरवणारं बोर्डवरचं घड्याळ, ६६ची १०० मेगाहर्ट्झ केली की ३००चा ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा, आणि अनेकांचा मूळ २ व्होल्टवरच व्हायचा. दीडपट वेग, जादा व्होल्टेज शून्य. असे प्रोसेसर वर्षानुवर्षं चालले. पुढं चार-पाच वर्षांनी पेंटियम ४ नॉर्थवुड आला, मूळ व्होल्टेज दीडच्या आसपास. लोकांनी त्याला १.७च्या वर नेलं. काही आठवडे, काही महिने छान चालायचा आणि एके दिवशी गप्प व्हायचा. त्या प्रकाराला लोकांनी नावच पाडलं होतं, 'सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम'. दोघांनाही पळवलं होतं. मेला तो, ज्याचं व्होल्टेज वाढवलं होतं.

दोन दशांश व्होल्ट म्हणजे काय मोठं, असं वाटतं. घरात २३०चे २५० झाले तर आपण ढुंकून बघत नाही. तर आता कातडं जवळून बघू. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या कळीखाली, इन्सुलेशनचा एक पापुद्रा असतो. ६५ नॅनोमीटरच्या काळात (चिपच्या पिढ्या अशा आकड्यांनी ओळखतात, आकडा लहान तेवढी चिप बारीक) तो सिलिकॉन ऑक्साइडचा आणि १.२ नॅनोमीटर जाड होता, म्हणजे अणूंचे चारपाच थर. त्याच्यावर १.२ व्होल्ट ठेवले की दर नॅनोमीटरला एक व्होल्ट झाला. मिलिमीटरच्या हिशेबानं दहा लाख व्होल्ट! हवा मिलिमीटरला तीन हजार व्होल्टच्या आसपास फुटते आणि ठिणगी पडते. पापुद्रा इतका पातळ झाला की वीज त्यातून झिरपायला लागली, म्हणून २००७ साली ४५ नॅनोमीटरला येताना इंटेलनं हाफ्नियमचं संयुग वापरून तो जाड केला. तरी ताण राहिलाच. अशा ताणाखाली पापुद्र्यात एकेक दोष तयार होत जातो. एक झाला, दोन झाले, काही बिघडत नाही. ज्या दिवशी या बाजूपासून त्या बाजूपर्यंत दोषांची साखळी जुळते, त्या दिवशी आरपार वाट पडते. अण्णांचे दोन वेढे भिडले, तसंच.

आणि इथं एक गैरसमज काढून टाकतो. "सर, मी प्रोसेसरला पाण्याचा कूलर लावलाय," असं मुलं सांगतात. चांगलं केलंस. पण पाण्यानं तापमान उतरतं, पापुद्र्यावरचा ताण तसूभर उतरत नाही. पाण्याचा कूलर लावला म्हणजे सगळं पाप धुतलं गेलं, असं होत नाही.

दुसरं दुखणं तांब्याचं. मोटरीत तांबं शाबूत राहतं म्हणालो, चिपमध्ये तेही राहत नाही. त्या तारा इतक्या बारीक असतात की वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना ढकलत पुढं नेतात. पुरात कृष्णा एका काठाची माती खाते आणि खाली कुठंतरी नेऊन टाकते, तसा एका ठिकाणी खड्डा पडतो, दुसरीकडं उंचवटा. खड्डा वाढला की तार तुटते, उंचवटा वाढला की शेजारच्या तारेला टेकतो. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅकनं १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात याचं समीकरण मांडलं. त्यात आयुष्य प्रवाहाच्या साधारण वर्गानं घटतं आणि तापमानानं घातांकी. पुढं ॲल्युमिनियमच्या जागी तांबं आलं, त्याचं एक मोठं कारण हेच दुखणं होतं.

फळ्यावर हिशेब करू. समजा १.२ व्होल्टचे १.४ केले आणि ४.५ गिगाहर्ट्झचे ५. वीज लागते व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात. १.३६ गुणिले १.११, म्हणजे १.५१. अकरा टक्के वेगासाठी एक्कावन्न टक्के जादा वीज! आमच्या दुकानात असा सौदा करणाऱ्याला अण्णांनी बाहेर काढलं असतं. आता तारांचं. वीज १.५१ पट, व्होल्टेज १.१७ पट, म्हणजे प्रवाह वाढला तीस टक्के, त्याचा वर्ग १.६८. तापमान ७० अंशांचं ८५ झालं असं धरा, तांब्यासाठी नेहमी धरतात ती अणू हलवायला लागणारी ०.९ इलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जा ब्लॅकच्या समीकरणात घातली की झीज आणखी साडेतीनपट. गुणाकार सहाच्या जवळ जातो. तारेचं आयुष्य एक षष्ठांश. पण हा कागदावरचा हिशेब आहे, त्यानं घाबरू नका. मूळचं आयुष्य तीस वर्षांचं असेल तर पाच उरतात, साठ असेल तर दहा. आणि दहा वर्षांनी तो प्रोसेसर तुम्ही तसाही कुणाला फुकट देणार असता.

तिसरं दुखणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण रोज अनुभवाला येतं तेच. गेटवर व्होल्टेज राहून राहून ट्रान्झिस्टर चालू व्हायचा उंबरठा हळूहळू वर सरकतो. ट्रान्झिस्टर मरत नाही, आळशी होतो. व्होल्टेज काढलं की थोडा सावरतो, सगळा सावरत नाही. सुरुवातीला हे सरकणं जास्त असतं, पुढं मंदावतं. कंपनीला हे ठाऊक असतं, म्हणून कारखान्यातून निघतानाच व्होल्टेजमध्ये म्हातारपणाची शिल्लक ठेवलेली असते. ओव्हरक्लॉक करणारा माणूस ती शिल्लक आज काढून खातो. खावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आपण मुद्दल खातोय हे माहीत असावं.

अण्णांना वही ठेवायची सवय होती. कुणाची मोटर, किती वेढे, कुठल्या गेजची तार, तारीख. ती सवय मला लागली. ही माझी वही. २०१२ च्या एप्रिलमध्ये मी एक चार कोअरचा, म्हणजे आत हिशेब करणारे चार स्वतंत्र भाग असलेला, प्रोसेसर ३.३ वरून ४.५ गिगाहर्ट्झला नेला, १.३२ व्होल्टवर. पाच वर्षं पानं कोरी, म्हणजे तक्रार नाही. २०१७ चा मे: 'दुपारी रेंडर करताना निळी स्क्रीन. दोनदा.' खाली: '१.३४ केलं. ठीक.' २०१८: '१.३६.' २०१९: 'पुरे झालं. ४.२, व्होल्टेज १.२५.' आता हे प्रोसेसरचंच म्हातारपण होतं का? छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मदरबोर्डवरचे, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरचे, कपॅसिटर त्याच वयाचे होते, प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्ट वाळली होती आणि मे महिन्यात सांगलीत चाळिशीच्या आसपास पारा असताना माझ्या खोलीत एसी नव्हता. पेस्ट मी बदलली, तरी आकडा खाली आला नाही. एवढंच सांगतो. तो अजून चालतो. भाच्याच्या हळदीच्या गाळ्यात बिलं काढतो, आणि बिलं काढायला ४.२ सुद्धा फार झाले.

आता ज्यांनी कधी बायोस, म्हणजे हे आकडे बदलायची संगणकातली मूळ सेटिंग, उघडलं नाही, त्यांच्यासाठी. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलनं आपल्या ६ मालिकेच्या चिपसेटची, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपची, पाठवणी थांबवली. त्यात साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्क जोडायच्या, संथ पोर्टांना घड्याळ पुरवणाऱ्या भागात एका ट्रान्झिस्टरचा पापुद्रा पातळ होता आणि त्याला व्होल्टेज जरा जास्त दिलं गेलं होतं. तो कालांतरानं गळायला लागायचा आणि पोर्ट चुकायला लागायचे. कुणी ओव्हरक्लॉक केलेला नव्हता. दुरुस्ती आणि बदलून देण्याचा खर्च कंपनीनं ७० कोटी डॉलर धरला. एका ट्रान्झिस्टरपायी!

२०२३ च्या एप्रिलमध्ये इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचे रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. काही मदरबोर्ड रॅमचा वेग वाढवला की एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, आपणहून जास्त चढवत होते. पुढं त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. आणि २०२४ चं तर तुम्हाला माहीतच आहे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर डळमळायला लागले. मायक्रोकोडच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संचच, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, त्यातून कोअरमधलं घड्याळ वाटणारं सर्किट झिजत होतं. ऑगस्टमध्ये नवा कोड आला, १.५५ व्होल्टची मर्यादा आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण जो झिजला होता तो कोडनं बरा झाला नाही.

म्हणून माझा राग हौशी पोरांवर नाही. ते निदान आकडा बघतात. बायोसमध्ये 'ऑटो' नावाचा जो पर्याय असतो, तो बघा. आपण रॅमचा एक पर्याय चालू करतो आणि बोर्ड परस्पर चार व्होल्टेजं वर सरकवतो.

याच इंटेलनं २०१२ मध्ये ओव्हरक्लॉक करणाऱ्यांसाठी वीसेक डॉलरपासून विमाही विकायला काढला होता. जाळा, एकदा बदलून देऊ. २०२१ मध्ये मागणी नाही म्हणून बंद केला. यावरून तुम्हाला जो अर्थ काढायचा तो काढा. मी असा काढतो, की शहाणपणानं चालवणाऱ्यांचे प्रोसेसर फारसे जळत नव्हते.

हं, आता तुझं, १.४. कुठल्या प्रोसेसरला? ३२ नॅनोमीटरच्या जुन्याला १.४ म्हणजे जरा ओढून बांधल्यासारखं. आजच्या ५-७ नॅनोमीटरवाल्याला सगळे कोअर ताणून तासन् तास १.४ म्हणजे मी नाही करणार. आता तू म्हणशील, पण हाच प्रोसेसर एकटा कोअर पळवताना स्वतःहून १.४ च्या वर जातो, ते दिसतं की. जातो. क्षणभर, प्रवाह थोडा असताना, तापमान मोजून जातो आणि उतरतो. तू बायोसमध्ये ठोकून ठेवलेला आकडा उतरत नाही.

काय, लॅपटॉप आहे? मग एवढा वेळ बसलास कशाला रे! लॅपटॉपला व्होल्टेज वाढवायचं नाव काढू नकोस. उलट बायोस परवानगी देत असेल तर एक दशांश व्होल्टच्या आत, थोडं थोडं कमी करून बघ. वेग तोच राहील, पंखा शांत होईल. प्रत्येक पायरीला रात्रभर चालवून तपास आणि आकडा तारखेसकट वहीत लिही. आणि त्याच्याही आधी मागचं झाकण काढ. गेल्या आठवड्यात माझ्याकडं एक लॅपटॉप आला होता, "सर, प्रोसेसर गेलाय" म्हणून. पंख्यात बोटभर जाडीचा नमदा निघाला, हळदीच्या पिवळ्या धुळीचा.