आठवडाभर वहीत 'टेन्शन' लिहायचं नाही

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलाय. "मॅडम, सेल्फ-केअर करा म्हणता, पण रोज नेमकं करायचं काय? टेन्शन आलं की काय करू?" आजचा व्हिडिओ त्यासाठीच आहे, आणि त्यातला बराचसा भाग 'टेन्शन' या एका शब्दाबद्दल आहे.

आधी पाया, भराभर. उठायची वेळ रोज तीच, सुट्टीच्या दिवशीही. झोप सात तासांच्या आसपास. जेवण टाळायचं नाही. रोज अर्धा तास चालणं, शक्यतो उजेडात. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. दिवसातून एका तरी माणसाशी कामापलीकडचं बोलायचं. हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे इथे थांबत नाही. रविवारी फेसपॅक लावणं, सुगंधी मेणबत्ती लावून बसणं हे सध्या खूप दिसतं. आवडत असेल तर जरूर करा. पण मनात काय चाललंय ते कळलेलं नसताना केलेला उपाय अंदाजाने घेतलेल्या गोळीसारखा असतो. लागू पडला तर पडला.

आता टेन्शन. परीक्षेचं टेन्शन, सासूबाई येणार त्याचं टेन्शन, मुलगा बोलत नाही त्याचं टेन्शन, कर्जाचा हप्ता आहे त्याचं टेन्शन. या चार जागी मनात चार वेगळ्या गोष्टी घडत असतात आणि आपण सगळ्यांवर एकच चिठ्ठी चिकटवतो. मग उपायही एकच सुचतो: "जाऊ दे, विचार करू नकोस." मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा 1987 चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असं लोकांना सांगितलं, तर तेच अस्वल मनात परत परत येत राहिलं. 'विचार करू नकोस' हा सल्ला घरोघरी रोज दिला जातो. प्रेमानेच दिला जातो, पण उपयोग होत नाही.

आपल्या भाषेकडे बघा. रुखरुख. धाकधूक. चुटपुट. घालमेल. हुरहुर. वैताग. उबग. खंत. सल. तगमग. कुढणं. चडफडणं. कानकोंडं होणं. हे शब्द आपल्या आज्या दिवसभर वापरायच्या, आणि यातला प्रत्येक शब्द पुढे काय करायचं ते सुचवतो.

रुखरुख लागते ती काहीतरी करायचं राहून गेलं म्हणून. तिचा उपाय ते काम करणं, निदान सुरू करणं. आजारी काकांना फोन करायचा राहिलाय? तीन मिनिटांचा फोन करा. त्या रुखरुखीवर अर्धा तास ध्यान करून फारसं हाती लागत नाही. धाकधूक पुढे येणाऱ्या गोष्टीची असते. तयारी करण्याजोगं काही असेल तर तेवढं करायचं, उरलेलं थांबणं असतं, आणि थांबण्याच्या वेळात हाताला काम हवं. घालमेल दोन वाटांमधली असते. तिथे दोन्ही वाटा कागदावर उतरवाव्या लागतात, कारण डोक्यात त्या फिरतच राहतात. वैताग म्हणजे एकाच वेळी फार मागण्या. तिथे एखादी मागणी कमी करायची, कुणाला तरी 'आज नाही' म्हणायचं. चडफड होते तेव्हा राग असतो पण बोलायची सोय नसते. आणि खंत? खंत जुनी असते. ती दहा मिनिटांत जात नाही, तिला घाई करू नये.

आता सांगा, या सगळ्याला 'टेन्शन' म्हटलं तर यातलं काय कळणार?

नाव दिल्याने काही होतं का, असा प्रश्न एका दादांनी विचारलाय. होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा स्कॅन चालू असताना लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याला चटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची, हालचाल कमी दिसली. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. नाव दिलं की भावना पळून जाते असा याचा अर्थ नाही. पण तिचा जोर थोडा उतरतो, आणि तेवढ्या उसंतीत पुढचं पाऊल सुचू शकतं.

आता वही. (वही कॅमेऱ्यासमोर धरून) साधी, शंभर पानी, मुलांची उरलेली चालेल. दिवसातून एकदा, सात ते दहा मिनिटं, एका ठरलेल्या कामाला जोडून. संध्याकाळच्या चहानंतर, किंवा जेवणाची भांडी आवरल्यावर. अंथरुणात नाही. अंथरुणात लिहायला घेतलं की डोकं जागं होतं आणि झोप जाते, हे फार जणांचं होतं.

पाच ओळी लिहायच्या. पहिली ओळ, काय घडलं: कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच. दुसरी, शरीरात कुठे काय झालं. तिसरी, भावनेचं नाव, एकच शब्द, आणि पुढे तिचा जोर किती ते सांगणारा 0 ते 100 मधला आकडा. चौथी, मनात आलेलं वाक्य. पाचवी, दहा मिनिटांत होईल अशी एक कृती. संपलं. पहिली, दुसरी, पाचवी ओळ सगळ्यांना जमते. तिसरी आणि चौथी मात्र हटकून एकमेकींत मिसळतात, आणि म्हणून मला त्यावर जरा जास्त बोलायचंय.

मराठीत आपण 'वाटतं' हे एकच क्रियापद दोन कामांना वापरतो. "मला भीती वाटते" यातही वाटतं, आणि "मला वाटतं की ते मला मुद्दाम टाळतात" यातही वाटतं. पहिली भावना आहे. दुसरा विचार आहे. दोन्हींवर 'वाटतं'चा शिक्का, त्यामुळे विचारसुद्धा भावना म्हणून खपून जातो.

ओळखायचं कसं? 'वाटतं'नंतर 'की' येतो का बघा. "मला वाटतं की…" आलं, की तो विचार. "मला वाईट वाटतं", "लाज वाटते", "एकटं वाटतं", इथे 'की'ला जागाच नाही. ती भावना. काही वेळा 'की' लपलेला असतो: "मला वाटतं, तिला माझी गरज नाही." मध्ये 'की' घालून वाचा. बसला? मग विचार.

एका ताईंनी लिहिलंय, "मी भावना म्हणून 'फसवल्यासारखं वाटतं' लिहिलं, ते चालेल का?" नाही चालणार, ताई, आणि हे अगदी खूप जणांचं होतं. 'फसवल्यासारखं', 'डावलल्यासारखं', 'वापरून घेतल्यासारखं'. या 'सारखं'मध्ये समोरच्याने काय केलं याबद्दलचा तुमचा निष्कर्ष दडलेला असतो. तो निष्कर्ष बरोबरही असेल! पण तो चौथ्या ओळीत जायला हवा. तिसऱ्या ओळीत त्याच्यामुळे तुमच्या आत जे झालं ते: राग, दुःख, शरम, जे असेल ते.

तरी कळत नसेल तर दुसऱ्या बाजूने बघा. या वाक्यावर वाद घालता येतो का? "मला वाटतं की साहेब माझ्यावर खार खाऊन आहेत." यावर कुणी म्हणेल, छे, तसं नाही. वाद शक्य आहे, म्हणजे विचार. "मला धास्ती बसली आहे." यावर कोण काय वाद घालणार? धास्ती तुम्हाला बसली आहे. घरातली निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. नवऱ्याला म्हणायचं, "मला वाटतं की तुला माझी किंमत नाही," की तो लगेच पुरावे द्यायला लागतो, परवा मी हे केलं, काल ते आणलं. तेच "आज दिवसभर मला फार एकटं वाटलं" म्हटलं तर पुरावे द्यायचं कारणच उरत नाही, ऐकायची शक्यता वाढते.

आणि तिसरी बाजू, शरीर. भावनेला शरीरात जागा असते. घशात आवंढा, पोटात गोळा, कानशिलं तापणं, खांदे वर चढलेले. विचार वाक्यासारखा डोक्यात ऐकू येतो. दुसरी ओळ भावनेच्या आधी ठेवली आहे ती याचसाठी. आधी शरीर विचारा, मग नाव शोधा.

एवढा आटापिटा का? कारण दोघांना वेगवेगळं काही द्यावं लागतं. भावनेला जागा द्यावी लागते, तिला खोटं ठरवून ती जात नाही. विचाराला तपासावं लागतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीचा, जिला आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, गाभा हाच आहे की घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार बसलेला असतो. तो विचार भावनेच्या रांगेत जाऊन बसला तर त्याला तपासणार कोण?

आता एक पान भरून दाखवते. उदाहरण रचलेलं आहे, पण अशी पानं घराघरांत निघतील.

पहिली ओळ: "संध्याकाळी साडेसहाला मुलीला फोन केला. ती 'मीटिंगमध्ये आहे' म्हणाली आणि फोन ठेवला." बघा, 'तोडून बोलली' लिहिलेलं नाही. कॅमेऱ्याला 'तोडून' दिसत नाही. दुसरी: "घशात आवंढा. नंतर भांडी आपटत घासली." तिसरी: आधी लिहिलं "राग, 70". मग आवंढ्याकडे लक्ष गेलं. रागात जबडा आवळतो, कानशिलं तापतात, आवंढा सहसा दुःखाचा. खोडून लिहिलं, "दुःख, 75". चौथी: "मला वाटतं की तिला आता माझी गरज उरली नाही." आता तपासणी. ती मीटिंगमध्ये होती, एवढंच माहीत आहे. गेल्या रविवारी तिने स्वतःहून फोन केला होता, पुरणाचं प्रमाण विचारायला. पाचवी: मुलीला मेसेज, "आठनंतर दहा मिनिटं बोलशील? सहजच." शेवटी परत आकडा: 50.

75 वरून 50. हे उत्तम आहे. शून्य होत नाही आणि व्हायलाही नको, कारण मुलगी लांब राहते हे खरंच आहे, त्याचं दुःख थोडं राहणारच. आकडा शून्यावर आला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी वही बंद करणारे खूप असतात. पंधरा-वीसने उतरला तरी पुढचं काम करता येतं, तेवढं पुरे.

काय चुकतं ते सांगते. पाच ओळींची पाच पानं होतात. 'तेव्हाही ती अशीच वागली होती' असं लिहीत गेलात की ते कोळसा उगाळणं झालं, मन अजून काळवंडतं. गजर लावा, दहा मिनिटांनी पेन खाली. दुसरं, आकडा 90 च्या वर असताना लिहायला बसू नका. तेव्हा शब्द सापडतच नाहीत. आधी तोंडावर गार पाणी, आणि श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांब हवं, खोल खोल भराभर घेणं नको, त्याने उलट गरगरतं. तिसरं, पाचवी ओळ फार मोठी होते. 'उद्यापासून स्वतःसाठी वेळ काढीन' ही कृती नव्हे. 'आत्ता गच्चीत दोन फेऱ्या मारते' ही कृती.

"एकत्र कुटुंबात वही कुणी वाचली तर?" हा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानते. वाचलं जाण्याची भीती असेल तर माणूस खरं लिहीत नाही. मग सुटा कागद घ्या, लिहा, फाडून टाका. उपयोग लिहिण्यात आहे, जपून ठेवण्यात नाही. लिहिता येत नसेल त्यांनी पाच ओळी हळू आवाजात स्वतःशी बोलाव्यात, तेही चालतं.

आणि रोज तिसऱ्या ओळीत 'चिडचिड' किंवा 'थकवा'च येत असेल, तर मनाच्या आधी शरीर तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. रक्त कमी असलेल्या बाईला 'सकारात्मक राहा' सांगणं हा अन्याय आहे.

वही कुठे पुरत नाही, तेही ऐका. जवळजवळ रोज, दोन आठवडे, मन उदास आहे, किंवा आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, झोप-भूक बिघडली आहे, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबायचं नाही. आजच जवळच्या माणसाला सांगा आणि 14416 वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

या आठवड्यासाठी एकच काम. वहीत 'टेन्शन' लिहायचं नाही. तो शब्द आला की थांबा, शरीर विचारा, दुसरा शब्द शोधा. आणि तुमच्या घरात, तुमच्या बोलीत, मग ती मालवणी असो, वऱ्हाडी असो, अहिराणी असो, मनाच्या अशा अवस्थांना जे शब्द आहेत ते खाली लिहा. नुसता शब्द नको, तो घरात कधी वापरतात तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले शब्द घेऊन तिसरी ओळ परत करू.