दाढ काढल्यानंतरचे आठ दिवस

(कोल्हापुरात राजारामपुरीमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर एका दंतवैद्य डॉक्टरांनी केलेलं भाषण. शब्दांकन करताना थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. दाढ काढायची भीती बहुतेकांना असते. त्या भीतीपोटी सगळं लक्ष खुर्चीत बसायच्या त्या थोड्या वेळावर लागलेलं असतं. दाढ निघाली, सुटलो बाबा एकदाचे, म्हणून माणूस कापूस दातांत धरून घरी जातो. मला आज सांगायचंय ते त्यानंतरचं. उपचाराचा निम्मा भाग तिथून पुढं सुरू होतो, आणि तो तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या हातात असतो.

आत काय होतं ते आधी बघू. दाढ निघाली की हाडात तिच्या मुळांचा खड्डा राहतो. तो रक्तानं भरतो आणि ते रक्त तिथंच गोठून गुठळी होते. पडल्यावर गुडघ्यावर धरते ती खपली आणि ही गुठळी, दोघींचं काम एकच. फक्त ही ओली असते, मऊ असते आणि सारखी जिभेच्या टप्प्यात असते. तिच्याखाली उघडं हाड आणि नसांची टोकं. आठवडाभरात गुठळीच्या जागी नवं मांस भरायला लागतं, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते, आतलं हाड भरायला मात्र तीन ते सहा महिने जातात. हे सगळं त्या गुठळीच्या आधारानं होतं. पहिले दोन-तीन दिवस ती जपायची, एवढं एक ध्यानात धरलं तर बाकीच्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

गुठळी निघाली किंवा विरघळली तर जे होतं त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. वैद्यकात या नावानं त्याची नोंद १८९६ सालापासून आहे. साध्या दाढेच्या बाबतीत हे शंभरात एक ते पाच जणांना होतं. खालची अक्कलदाढ असेल तर प्रमाण बरंच वाढतं. त्याची खूण नीट ऐका. साधं दुखणं पहिल्या दिवशी जास्त असतं आणि रोज थोडंथोडं उतरत जातं. ड्राय सॉकेटमध्ये पेशंट दोन दिवस बरा असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका उठतो. तो कानापर्यंत, कानशिलापर्यंत जातो, गोळीला दाद देत नाही, तोंडाला घाण वास आणि चव येते. "डॉक्टर, कानच दुखाय लागलाय" असं सांगत पेशंट येतो, आणि आत बघावं तर खड्डा रिकामा, तळाला करडं हाड दिसतंय. असं झालं तर घरी गोळ्या वाढवत बसू नका. दवाखान्यात खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बऱ्याचदा त्याच दिवशी आराम पडतो.

याच्या उलट एक गोष्ट आहे, आणि तिनं माणसं उगाच घाबरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरशात बघितलं की जखमेवर पांढरट-पिवळसर थर दिसतो. लोकांना वाटतं पू झाला. मग कोण काडीनं, कोण बोटाला कापूस गुंडाळून तो पुसून काढतो. तो थर म्हणजे जखम भरत असल्याचं लक्षण आहे. दुखणं उतरत असेल, वास नसेल, ताप नसेल, तर त्याला हात लावायचा नाही.

आता पहिला दिवस. कापूस तीस ते पंचेचाळीस मिनिटं घट्ट दाबून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघायचं नाही, बोलायचं नाही आणि थुंकायचं नाही. हे थुंकणं आपल्याकडं फार अवघड जातं. तोंडात रक्ताची चव आली की माणूस बेसिनकडं धावतो. पण थुंकताना तोंडात जो ओढा बसतो, त्यानंच गुठळी सुटते. स्ट्रॉनं ओढून प्यायल्यावरही तसंच होतं. लाळ गिळून टाका. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की भरपूर वाटतं. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणं साधं आहे. रक्त पुन्हा वाहायलाच लागलं तर ताठ बसा, निर्जंतुक गॉजची घडी जखमेवर ठेवून अर्धा तास दाबून धरा. तरी थांबत नसेल तर सरळ डॉक्टरांना गाठा.

चोवीस तास चूळसुद्धा जोरात भरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर प्रत्येक वेळी, पाणी तोंडात नुसतं इकडून तिकडं फिरवायचं आणि खाली वाकून ओघळू द्यायचं. खळखळ गुळण्या नकोत. बाकीचे दात नेहमीसारखे घासा. तोंड घाण ठेवून जखम लवकर भरत नाही. गालाला बर्फ पहिल्या दिवशी, बाहेरून, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं ठेवून थोडी विश्रांती द्यायची. शेक नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते आणि मग उतरते. रात्री उशाला एक उशी जास्त घ्या.

आणि तंबाखू. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात दाढ काढलेल्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान मी यानंच होताना बघते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी माव्याच्या पुड्या खिशात असतातच. पुरुष निदान सांगतात तरी. बायका मिश्रीचं सांगत नाहीत, कारण ती व्यसनात धरलीच जात नाही; सकाळी दात घासायची ती एक रीत आहे, आजीनं लावली, आईनं लावली. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटीन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे जिथं रक्त पोचायला हवं तिथंच ते कमी पोचतं. वरून ती बोटानं चोळायची, म्हणजे ताज्या जखमेवरूनच बोट फिरतं. जखमेच्या कडेला काळी रेघ दिसली की मला विचारावं लागत नाही. मी रागावत नाही. मिश्री सोडली की डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, हे खरं आहे, ते मी रोज ऐकते. तरी माझी हात जोडून विनंती आहे, निदान आठवडाभर थांबा. आणि ज्यांचा आठवडा निघाला त्यांनी पुढं चालू करू नये. सोडायला मदत मिळते, सरकारी दवाखान्यातही मिळते.

खाण्याचं बोलल्याशिवाय कोल्हापुरात हा विषय पुरा होत नाही. भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, काही खाऊ नका. ओठ बधिर असतो, चावला गेला तर कळत नाही. लहान मुलांवर तर नजरच ठेवा. त्यानंतर गार दूध पेल्यानं प्यावं, दही-भात मऊ करून, गार केलेली नाचणीची आंबील, केळं, कोमट मूगडाळीची खिचडी. दुसऱ्या दिवशी लगेच विचारणा होते, "तांबडा रस्सा पातळच असतोय की, प्यालो तर काय हुतंय?" होतं असं की तो कढत असतो, तिखटानं उघडी जखम पेटते आणि मसाल्याचे कण खड्ड्यात बसतात. चार-पाच दिवस गेले की कमी तिखटाचा, कोमट रस्सा चालेल. मिसळ, भडंग, चिरमुरे मात्र जखम मिटेपर्यंत नकोत. चिरमुऱ्याचं टरफल खड्ड्यात अडकलं की काढताना पेशंटचे हाल होतात. ऊस दातानं सोलून खाणं तर महिनाभर विसरा.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळं सांगते, नातवंडांना निरोप द्या. जोर-बैठका मारल्या की रक्तदाब चढतो आणि जखम पुन्हा वाहते, म्हणून तीन-चार दिवस पूर्ण विश्रांती. खालची अक्कलदाढ हाड कापून काढली असेल तर तो जबडा काही आठवडे कमजोर असतो. त्या दिवसांत कुस्तीत कोपर लागलं तर जबडा मोडू शकतो. सर्जनला विचारल्याशिवाय मातीत उतरायचं नाही.

गोळ्या वेळेवर घ्या, भूल पूर्ण उतरायच्या आधी पहिली. गोळी हिरडीवर ठेवू नका. ॲस्पिरिननं तिथली कातडी भाजून पांढरी पडते. शेजाऱ्याची उरलेली अँटिबायोटिक नको. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर दुखण्याची कुठली गोळी चालते ते आधी विचारा. रूट कॅनाल झालं असेल तर गुठळीचा प्रश्नच नाही, पण कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं चावू नका, दात उभा चिरतो.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे, हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, दाढ काढायच्या आधी बंद करू का. काका, स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. दाढेच्या जागचं रक्त आम्ही दाबून, टाके घालून थांबवू शकतो. गोळी बंद केल्यानं स्टेंटमध्ये गाठ झाली तर जिवावर बेततं. हृदयाच्या डॉक्टरांशी आमचं बोलणं करून द्या. शुगर असणाऱ्यांनी ताजा रिपोर्ट घेऊन या, आणि मऊ खायचं म्हणून उपाशी राहून इन्सुलिन घेऊ नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेणाऱ्या मावशींनी ते आधी सांगायलाच हवं, त्या औषधानं जबड्याचं हाड भरायला अडथळा येऊ शकतो.

दाढ काढायला येताना एकटे येऊ नका. बधिर तोंडानं, घाबरलेल्या मनानं ऐकलेल्या सूचना दारापर्यंतही टिकत नाहीत. मी त्या सोबत आलेल्या माणसाला सांगते आणि कागदावर लिहून देते. त्या कागदावर शेवटी जे लिहिते ते इथंही सांगते: तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. गिळता येईना, जबड्याखाली कडक सूज आली किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर माझ्या दवाखान्याची वेळ बघू नका, रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलात जा.