घसा बरा झाला, मग गुडघा का सुजला?

[दृश्य: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं घर. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली घुमट, शामेळ, कांसाळे ही वाद्यं. आरती रंगात आलेली.]

चवथीत घर माणसांनी भरतं. पोरं एकमेकांच्या कानाशी ओरडून आरत्या म्हणतात. चार दिवसांनी कुणाचा तरी घसा धरतो, अंग तापतं. आई म्हणते, ‘आरत्यांनी बसला.’ मिठाच्या गुळण्या, आल्याचा कषाय, आणि पोर पुन्हा अंगणात. बहुतेक घसे विषाणूंचे असतात, ते असेच बरे होतात.

[दृश्य: पायरीवर बसलेली मुलगी, पाय लांब केलेला.]

पण एखाद्या घरात दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो. हात लावू देत नाही. तो उतरला की घोटा, मग मनगट. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून दिवस जातात. हा रुमॅटिक फीव्हर नावाचा ताप, मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा. गंमत म्हणजे, सुजलेल्या सांध्यातलं पाणी तपासलं तर त्यात जंतू मिळत नाही.

जंतू होता घशात: अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस. त्याच्या अंगावर ‘एम’ नावाचं प्रथिन केसांसारखं उभं असतं. शरीर त्यावर नेम धरून प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवतं. या प्रथिनाचे काही भाग आपल्याच हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनासारखे असतात. चोर पळाला, आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या घरच्याच माणसाला मार बसला.

एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वैद्य लासेग यांनी लिहिलं, हा रोग सांधे चाटतो, पण हृदयाला चावतो. सांधे पूर्ववत होतात. हृदयाची झडप, बहुधा डाव्या बाजूची मायट्रल, जाड होते, नीट मिटत नाही. कधी मेंदूलाही झळ लागते. हातपाय आपोआप उडतात, अक्षर बिघडतं, आणि शाळेत ‘नीट बस’ म्हणून बोलणी खावी लागतात.

सर्दी-खोकला नाही, पण गिळताना दुखतं, ताप आहे, मानेत दुखऱ्या गाठी आहेत, असा घसा डॉक्टरांना दाखवावाच. स्ट्रेप्टोकोकस निघाला, तर ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी हा ताप टाळता येतो. गोळ्या मात्र पुरे १० दिवस. तिसऱ्या दिवशी पोर खेळू लागतं आणि पाकीट कपाटात जातं, घोटाळा तिथेच होतो.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर.]

एकदा हा ताप येऊन गेला की दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. दुखतं फार. या घरात दर एकविसाव्या दिवसाभोवती लाल गोल आहे. पुढच्या वर्षी एक गोल नेमका विसर्जनाच्या दिवशी आलाय.