गुडघा सांभाळून घाम गाळायचा, तो असा

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: जिना. कठड्यावर घट्ट धरलेला हात. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, अंग थोडं तिरकं करून उतरणाऱ्या बाई. चेहरा दिसत नाही.)

जिना चढताना धाप लागते, म्हणून आपल्याला चढणं अवघड वाटतं. गुडघ्याला विचाराल तर तो उतरण्याचं नाव घेईल. उतरताना वरच्या पायरीवरच्या पायाला अख्खं शरीर पेलून धरत, हळूहळू वाकत खाली सोडावं लागतं. यांच्या पायांकडे बघा. उतरताना आधी दुखरा पाय खाली टेकतो आणि सगळं काम वरचा चांगला पाय करतो. चढताना याच्या बरोबर उलट. फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. या मात्र तिथे जाण्याआधीपासूनच असं उतरत होत्या.

(दृश्य: कृत्रिम गुडघ्याची आकृती. धातूचा भाग उघडतो, आतलं यंत्र दिसतं.)

एका पायरीला गुडघ्यावर नेमका किती भार येतो, याचं उत्तर बरीच वर्षं आकडेमोड करून काढलं जात होतं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी ते थेट सांध्याच्या आतूनच मिळवायचं ठरवलं. सांधाबदल शस्त्रक्रियेत जो कृत्रिम गुडघा बसवतात, त्याच्याच पोटात त्यांनी भार मोजणारे सेन्सर आणि एक छोटासा ट्रान्समीटर बसवला. आत बॅटरी नाही. पायाभोवती तारेचं एक वेटोळं बांधायचं, त्यातून आतल्या यंत्राला वीज मिळते. माणूस चालायला लागला की आकडे बिनतारी बाहेर येऊ लागतात. असा गुडघा बसवलेल्या पाच जणांची मोजमापं २०१० साली प्रसिद्ध झाली. माणसं मोजकीच होती, पण भार अंदाजाने काढलेला नव्हता, प्रत्यक्ष मोजलेला होता.

(दृश्य: आकडे एकेक करून पडद्यावर येतात.)

सपाट जमिनीवर चालताना शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के. खुर्चीतून उठताना २४६. जिना चढताना ३१६. उतरताना ३४६. वजन शंभर किलो असेल तर हा हिशोब करायला कागदही लागत नाही.

आता ज्याचं वजन जास्त आहे आणि गुडघेही दुखतात, त्याला सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: आधी वजन उतरवा. वजन उतरवायचं तर हालचाल हवी. हालचाल केली की गुडघा सुजतो. सुजला की आठवडाभर बसून राहायचं. बसलं की वजन वाढतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या वाक्यातला ‘आधी’ हा शब्द आमच्या मते काढूनच टाकायला हवा. व्यायाम आजच्या वजनानिशी सुरू करता येतो. फक्त तो कुठे आणि कसा करायचा, हे गुडघ्याला विचारून ठरवायचं.

(दृश्य: सांध्याचं ॲनिमेशन. दोन हाडांच्या टोकांवरचा पांढुरका, गुळगुळीत थर.)

दुखणाऱ्या सांध्याला पूर्ण विश्रांती द्यावी असं वाटणं साहजिक आहे, पण सांध्याची रचना त्याच्या विरुद्ध आहे. हाडांच्या टोकांवरच्या या थराला कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यात भरलेल्या वंगणातून. सांध्यावर भार आला की कूर्चा दबते आणि तिच्यातला द्रव बाहेर पडतो, भार हटला की स्पंजासारखी ती तो पुन्हा शोषून घेते. सांधा हललाच नाही तर ही ये-जा मंदावते. शिवाय मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू आठवडाभराच्या आरामातही सैल पडू लागतात, आणि गुडघ्याला सावरून धरणारे तर तेच. म्हणजे हालचाल हवी, आदळआपट नको. धावताना दोन पावलांच्या मधे दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि मग सगळं अंग एका पायावर आदळतं. एक पाय सतत टेकलेला असेल, किंवा अंगाचा भार दुसऱ्याच कशानं तरी उचललेला असेल, तर ती आदळआपट टळते.

(दृश्य: पाण्याखालचा कॅमेरा. तळाच्या फरशीवरून चालणाऱ्या पावलांच्या अनेक जोड्या. थोडा वेळ निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)

हा पोहण्याचा वर्ग नाही. इथल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही. पाणी छातीपर्यंत आहे आणि ही मंडळी त्यात चालतायत, इतकंच.

कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर येणारं वजन साधारण निम्म्यावर येतं. छातीपर्यंत गेलं की जेमतेम एक तृतीयांश उरतं, आणि मानेपर्यंत गेलं तर दहावा हिस्सा. बर्लिनच्या त्याच गटाने पुढे, सेन्सर असलेले गुडघे आणि खुबे घेऊन फिरणाऱ्या माणसांना छातीभर पाण्यात उतरवलं. वजन पेलायच्या हालचालींमध्ये सांध्यावरचा भार जमिनीच्या तुलनेत ३६ ते ५५ टक्क्यांनी कमी भरला. पाण्यामुळे पायांवरचं वजन जितकं घटतं, तितका सांध्यावरचा भार घटत नाही, कारण स्नायूही सांध्याला आवळत असतात. तरीही हा फरक औषधाच्या गोळीने पडणारा नाही.

(दृश्य: पाण्यावर उताण्या तरंगणाऱ्या बाई. हात पसरलेले.)

चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. जमिनीवर जे ओझं वाटतं, तेच इथे अंग वर धरायला मदत करतं. सडपातळ माणसाला तरंगायला हातपाय मारावे लागतात, यांना नुसतं पडून राहता येतं. व्यायामाच्या दुनियेत जाड माणसाला निसर्गानेच झुकतं माप दिलंय, अशी जागा विरळाच.

(दृश्य: प्रशिक्षिका काठावरून हातवारे करतात. वर्ग पुढे, मागे, मग आडवा चालतो.)

आधी पाच मिनिटं सावकाश. मग पावलं लांब. मग उलटं चालणं, मग खेकड्याच्या चालीने आडवं, मग गुडघे वर उचलत. हात पाण्याखालीच, तळवे उघडे, पाणी मागे लोटत. बघणाऱ्याला हे सगळं संथ वाटतं. पण वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून इथे व्यायाम कमी-जास्त करायला बटण लागत नाही. दमलात, हळू चाला. जोर आहे, पाणी जोरात ढकला. एकाच रांगेत पंचविशीतला मुलगा आणि सत्तरीच्या आजी चालतायत, आणि दोघांनाही सारखीच धाप लागलीय. पाय टेकायलाच नको असतील, तर कमरेला तरंगणारा पट्टा बांधून खोल पाण्यात उभ्यानेच धावता येतं. पट्टा सैल असेल तर तो काखेपर्यंत सरकतो आणि सगळी मजा जाते, तेव्हा बकल नीट आवळा.

घड्याळावर नाडी बघणाऱ्यांसाठी एक सूचना. छातीभर पाण्यात शरीरावर पाण्याचा दाब येतो, पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं. त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला नाडीचे ठोके जमिनीपेक्षा कमी दिसतात. आकड्याच्या मागे लागून उगाच जोर लावू नका. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढी धाप पुरे. ज्यांचं हृदय कमजोर आहे, त्यांनी मात्र पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

पोहायला येत असेल तर उत्तमच. फक्त ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बेडकासारखी लाथ मारताना गुडघा आतल्या बाजूने ताणला जातो. दुखऱ्या गुडघ्याला तो ताण नको. खांदे दुखत असतील तर फ्रीस्टाइलही जपून. पाणी फार गार असलं तर सांधे आखडतात. २८ ते ३१ अंशांचं पाणी बऱ्याच जणांना मानवतं.

(दृश्य: तलावाच्या भिंतीवरची उभी लोखंडी शिडी. एक गृहस्थ बाहेर येण्याचा प्रयत्न करतात. पहिली पायरी. दुसरी. थांबतात. कॅमेरा हलत नाही.)

ही शिडी. बहुतेक तलावांना हीच असते. सरळसोट उभी, पायऱ्या अरुंद आणि गोल, शेवटची पायरी आणि काठ यांच्यात मोठं अंतर. चाळीस मिनिटं पाण्याने जे वजन उचलून धरलं होतं, ते या चार पायऱ्यांवर पुन्हा अंगावर येतं, तेही गुडघा काटकोनात वाकलेला असताना आणि पाय ओले असताना.

(दृश्य: दुसरा तलाव. पाण्यात उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे. शेजारी उताराची वाट. तेच गृहस्थ चालत बाहेर येतात.)

आणि हा दुसरा. पायऱ्या रुंद, दोन्ही हातांना आधार, शेजारी उतार. पाणी तेच, माणूसही तोच. शर्यतींसाठी तलाव बांधणाऱ्याला पायऱ्यांची आठवण होत नाही, हे एक वेळ समजू शकतं. आरोग्यासाठी म्हणून बांधलेल्या तलावांनाही शिडीच का असते, हे कळत नाही. आहे त्या तलावात बाहेरून आणून बसवता येतील अशा कठडेवाल्या पायऱ्या मिळतात. मागणारं कुणी नसेल तर त्या कुणी आणणारही नाही. तलावाची चौकशी करायला जाल तेव्हा शुल्क विचारण्याआधी आत उतरायची सोय बघून घ्या.

(दृश्य: व्यायामाची सायकल. सीटखालचा स्क्रू सोडवणारी बोटं.)

पाणी हाताशी नसेल, तर सायकल. सेन्सरवाल्या गुडघ्यांनी हिच्यावरही आकडे दिलेत: ६० वॉटच्या बेताच्या जोराला शरीराच्या वजनाच्या सुमारे ११९ टक्के. चालण्याच्या निम्म्याहून कमी, कारण वजन सीटने घेतलेलं असतं.

सगळी मेख सीटच्या उंचीत आहे. यांची सीट खाली होती, म्हणून पेडल वर आलं की गुडघा छातीकडे जात होता आणि वाटीच्या मागे कळ येत होती. आता बघा: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल सर्वांत खाली न्यायचं. पाय जवळपास सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप २५ ते ३० अंशांचा बाक उरतो. स्क्रू आवळायचा. दोन बोटं वर-खाली झाली तरी गुडघ्याला कळतं.

जड गियरमध्ये दात-ओठ खात पेडल मारण्यापेक्षा हलक्या गियरमध्ये भरभर फिरवणं गुडघ्याला सोपं जातं. अरुंद सीट टोचते, पोट मधे येतं, पुढे वाकवत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यासाठी पाठीला टेकण असलेली, पाय पुढे करून चालवायची सायकल असते. व्यायामशाळेत ती कोपऱ्यात पडून असते. हक्काने मागा.

(दृश्य: ट्रेडमिल. किंचित चढ. सावकाश चालणारे पाय, बाजूने.)

चालण्याचा नाद सोडवत नसेल, तर त्यातही एक युक्ती आहे. सपाटीवर झपझप चालण्याऐवजी ट्रेडमिलला थोडा चढ द्यायचा आणि वेग कमी करायचा. लठ्ठ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात असं दिसलंय की सावकाश चढ चालताना दम तेवढाच लागतो आणि गुडघ्यावरचा भार मात्र कमी राहतो. ट्रेडमिलचा फायदा असा, की चढलेलं उतरावं लागत नाही. समोरच्या दांड्यावर रेलू मात्र नका. आणि दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या एका पेडोमीटरच्या जाहिरातीतून पुढे आला, दवाखान्यातून नव्हे.

(दृश्य: झपझप तुकडे. खुर्चीत बसून हात-पाय हलवणारा गट. हातांनी पेडल फिरवणारी बाई. ताई ची या चिनी व्यायामप्रकाराच्या संथ हालचाली.)

उभंच राहवत नसेल तर खुर्चीत बसून. पाय साथ देत नसतील तर हातांनी फिरवायची पेडलं. हृदयाला घाम हातांनी काढला की पायांनी, याच्याशी देणंघेणं नाही. ताई ची दिसायला नाजूक, पण गुडघ्याच्या झिजेसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजी या सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्ये तिची ठाम शिफारस आहे.

याने वजन किती उतरतं? नुसत्या व्यायामाने थोडंच. जेवणाची जोड लागते. पण एक किलो उतरला तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असं २००५ मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. काही तारखांवर पेनने केलेल्या खुणा.)

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण ते पहिल्या सोमवारचं काम नाही. आणि सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम धरायचा, ही जुनी अट २०२० च्या सूचनांत उरलेली नाही. तेव्हा पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी, असंही चालतं. एक दिवस पाणी, एक दिवस सायकल, असं आलटून-पालटून केलं की एकाच सांध्यावर रोज तोच ताण येत नाही.

(दृश्य: वर्ग संपल्यावर बाकावर बसलेली मंडळी. कुणी गुडघा चोळतंय, कुणी हसतंय.)

व्यायाम करताना थोडं दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. दोन तासांनी तपासा. सुरू करण्याआधी होतं त्यापेक्षा दुखणं वाढलेलं असेल, तर पुढच्या वेळी वेळ किंवा जोर कमी करायचा. व्यायाम बंद करायचा नाही. गुडघा गरम लागला, सुजला, अडकला किंवा चालता चालता दगा देऊ लागला, तर मात्र आधी डॉक्टर. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथल्या तिथे थांबायचं आणि लगेच मदत मागायची.