घोडा 'जी-एच' कुठे म्हणतो?

मघाशी चहा चालू होता तेव्हा मी फळ्यावर पाच अक्षरं लिहून ठेवली. एन, ई, आय, जी, एच. वाचायचं 'ने', किंवा फार तर 'नेइ'. अर्थ, घोड्याचं खिंकाळणं. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं तिथेच मला धरलं, "सर, घोडा जी-एच कुठे म्हणतो?" प्रश्न इतका नेमका आहे की मी आणलेली टिपणं खिशातच ठेवतो आणि त्याच्याच मागे जातो.

आपल्या 'खिंकाळणे'त निदान थोडा घोडा आहे. 'खिं' म्हणताना श्वास बाहेर फेकावा लागतो. त्यामानाने 'ने' अगदीच मिळमिळीत. इंग्रजीत नकारार्थी एक जुना 'ने' आहे, एन-ए-वाय, त्याचाही उच्चार हाच. म्हणजे ठराव फेटाळणारा सभासद आणि खिंकाळणारा घोडा, डोळे मिटले तर एकच!

पण हजार वर्षं मागे गेलं की चित्र बदलतं. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद साधारण 'ह्नॅयन' असं होतं. लिहिताना मध्ये 'जी' असे, उच्चार मात्र 'य'कडे झुकलेला. सुरुवातीचा तो 'ह्न' एकदा मोठ्यानं म्हणून बघा. लाजू नका, म्हणा. नाकातून वारा फुटतो की नाही? घोडा तिथे होता. जुन्या नॉर्स भाषेत याच शब्दाचा भाऊबंद आहे 'ग्नेग्ग्या'. तोही म्हणून बघा, घरी गेल्यावर.

मग हा घोडा गेला कुठे? इंग्रजी बोलणाऱ्यांनी व्यंजनाआधीचा 'ह' गाळायला सुरुवात केली. आजचा 'लाउड' तेव्हा 'ह्लूद' होता, 'रिंग' होती 'ह्रिंग', आणि 'नट' होता 'ह्नुतु'. सगळ्यांचे 'ह' गेले, त्यांच्याबरोबर घोड्याची फुरफुरही गेली. घोड्यांनी काही वेगळं ओरडायला सुरुवात केली नव्हती. शब्द एकदा भाषेत रुळला की त्याला आवाजाची नक्कल म्हणून वेगळी सवलत मिळत नाही, बाकीच्या शब्दांबरोबर तोही झिजतो. आज मला जे सांगायचंय ते हेच.

आता जी-एच. मध्ययुगीन इंग्रजीत तीनच्या आकड्यासारखं दिसणारं एक अक्षर होतं, त्याचं नाव 'योख'. त्याच्याकडे दोन कामं होती. कुठे ते 'य' दाखवायचं, कुठे घशातला 'ख'सारखा घर्षणाचा आवाज. हे अक्षर मागे पडलं तेव्हा त्याच्या जागी कुठे वाय आला, कुठे जी-एच. 'नाइट', 'लाइट' यांतला जी-एच खरोखर घशातून यायचा. घोड्याच्या शब्दातला जी-एच म्हणजे त्या जुन्या 'य'ची सावली. तेव्हा मुली, तुझं म्हणणं बरोबर आहे. घोडा जी-एच आजही म्हणत नाही आणि तेव्हाही म्हणत नव्हता.

1476 साली विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापलेली स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजी स्वर जागा बदलत होते. अक्षरं थांबली, तोंडं चालत राहिली. यावर चिडणारा एक गुरुजी शेक्सपिअरनं रंगवून ठेवलाय. नाटक 'लव्हज् लेबर्स लॉस्ट', 1598 मध्ये छापलेलं. गुरुजींचं नाव होलोफर्नीस. त्यांची तक्रार अशी की लोक 'डेट' (म्हणजे कर्ज) म्हणताना बी खातात, 'नेबर' म्हणताना जी-एच खातात, आणि 'ने'चंही तेच करतात. आता गंमत बघा. 'डेट'मधला बी इंग्रजांनी कधीच उच्चारला नव्हता. लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून खोचला. 'नेबर' मात्र 'नेआह्' म्हणजे जवळ आणि 'गेबूर' म्हणजे शेतकरी, रहिवासी, अशा दोन शब्दांचा. तिथला जी-एच घशातला, खराखुरा. आणि घोड्याचं तर आपण पाहिलंच. तीन तक्रारींत गुरुजी एकदाच बरोबर. अशा गुरुजींच्या हाताखाली मी शिकलोय, आणि आता थोडा त्यांच्यासारखाच झालोय.

हा घोडा आणि हा शेजारी इंग्रजीत आणखी एका प्रसिद्ध ठिकाणी एकत्र येतात. 1611 च्या किंग जेम्स बायबलात यिर्मया संदेष्टा लोकांना फटकारतो, तुम्ही माजलेल्या घोड्यांसारखे, जो तो आपल्या शेजाऱ्याच्या बायकोकडे बघून खिंकाळतो. इंग्रजीत तिथे 'नेड' आणि 'नेबर' दोन शब्दांच्या अंतरावर आहेत. (हसा, हसा, संदेष्टा काही हसत नव्हता.)

अर्थाचं लवकर आटोपतो. 'ने' म्हणजे लांबवर पोचणारी, मोठी खिंकाळी. 'व्हिनी' जरा मऊ, आनंदाची. 'निकर' म्हणजे ओठ मिटून घशातल्या घशात केलेला आवाज, घोडी शिंगराला करते तो, किंवा चंदी येताना दिसली की करतात तो.

मेंढीकडे मात्र थोडं थांबायला हवं. बेंबें करण्याला इंग्रजी शब्द 'ब्लीट'. मेंढी 'ई' करते का हो? नाही. पण जुन्या इंग्रजीत तो 'ब्लॅटन' होता, अगदी मेंढीच्या तोंडचा 'ॲ'. स्वर वर सरकत सरकत 'ई'ला जाऊन टेकला. स्पेलिंगात ई-ए राहिले आहेत, त्यामुळे आज मेंढीच्या जवळ उच्चार नाही, स्पेलिंगच जास्त आहे. आपण ज्या स्पेलिंगला शिव्या घालतो, त्यानंच तिचा आवाज सांभाळला.

याच मेंढीनं ग्रीक भाषेच्या अभ्यासात साक्ष दिलीय. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला विनोदी नाटककार क्रॅटिनस याची एक ओळ उरली आहे. त्यात एक मूर्ख माणूस मेंढीसारखा 'बे बे' करत चालतो. आजचे ग्रीक तीच अक्षरं 'वी वी' अशी वाचतील. 'वी वी' करणारी मेंढी कुणी पाहिलीय? म्हणजे त्या अक्षराचा जुना उच्चार लांब 'ए' असणार. माणसांचे उच्चार सरकले, मेंढीचा सरकला नाही, म्हणून तिच्यावरून वेळ लावता आली.

असे शब्द म्हणजेच भाषेचा उगम, असं मानणारे लोक होते. ऋग्वेदाची आवृत्ती काढणारे मॅक्स म्युलर यांनी 1861 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांत या मताला 'बाउ-वाउ', म्हणजे भो-भो सिद्धान्त असं नाव देऊन टोपी उडवली. त्यांच्या मते असे शब्द कागदी फुलांसारखे, त्यांना मूळ नाही, फुटवाही नाही. हाच वाद आपल्याकडे यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात आहे. यास्क म्हणतो, 'काक' ही आवाजाची नक्कल, पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळ सापडतं. दुसरा आचार्य औपमन्यव म्हणतो, छे, ज्याला हाकलून लावावं लागतं तो काक. उन्हात वाळवण राखत बसलेली कुठलीही आजी औपमन्यवाच्या बाजूनं मत देईल. मी यास्काच्या बाजूचा. आणि म्युलरसाहेबांचं कागदी फुलांचं मलाच पटत नाही. लॅटिनमध्ये पिल्लाच्या 'पी पी'वरून 'पिपिओ' शब्द झाला, तो फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत 'पिजन' झाला. चिवचिवणाऱ्या पिल्लाचं अख्खं कबूतर. याला फुटवा नाही तर काय म्हणायचं?

घोड्याचा आवाज अक्षरांत नीट का बसत नाही, याचं एक कारण झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. खिंकाळताना घोडा एकाच वेळी दोन वेगवेगळ्या मूळ स्वरांत ओरडतो. एकावरून तो किती उत्तेजित आहे ते कळतं, दुसऱ्यावरून ती उत्तेजना सुखाची की त्रासाची ते कळतं. आपली अक्षरं मात्र एकामागून एक येतात.

तरी एकानं जिद्द केली. जोनाथन स्विफ्टनं 1726 मध्ये गलिव्हरला शहाण्या घोड्यांच्या देशात नेलं आणि त्या घोड्यांचं नाव त्यांच्याच तोंडून द्यायचं ठरवलं. वाचताना लोक 'हुइन्हिम' असं काहीसं म्हणतात आणि पुढे सरकतात. पण मी ते आता फळ्यावर लिहितो, मोजत चला. एच, ओ, यू, वाय, एच, एन, एच, एन, एम. जुन्या इंग्रजीनं गाळलेला तो 'ह्न' सापडला का? दोनदा आहे.